‘जातो’ म्हणायची परवानगी

नागोजी माझा धाकटा दीर. वयानं माझ्यापेक्षा दीड वर्षानं लहान, पण दीर तो दीर. तोंडावर मी त्याला ‘भावजी’ म्हणायची आणि मनात नुसतं ‘नागोजी’. इथं मनातलंच लिहिते. तो आता नाही, आणि असता तर मजकूर बाजूला ठेवून आधी माझ्या वेलांट्या तपासत बसला असता.

आमचं गाव हिंडलगा. बेळगावाला चिकटलेलं. गावाला लागून मोठा तुरुंग आहे, त्यामुळं परमुलखात कुणी ‘गाव कुठलं’ म्हणून विचारलं आणि आम्ही सांगितलं की समोरचा माणूस एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतो.

नागोजी वाट्याला आलेली शेती करायचा, पण त्याचा जीव गावच्या नाटकात. नाटकात म्हणजे पडद्यापुढं नव्हे, पडद्याआड. चौदा वर्षं तो विंगेत वही घेऊन उभा राहिला आणि विसरणाऱ्यांना वाक्यं सांगत राहिला. टाळ्या पुढच्याला, डास ह्याला.

त्याची वही म्हणजे एक प्रकरण होतं. पहिल्या पानावर लाल शाईत तीन ओळी. ‘बघणार : मंडळी सगळी. म्हणणार : ज्याचं पात्र त्यानं. लिहिणार : नागोजी एकटा.’ आणि शेवटच्या पानांवर बदलांची यादी. कुठल्या पानावरचा, कुठल्या ओळीतला, कुठला शब्द काढला, कुठला घातला, कुणाच्या हट्टावरून, कुठल्या तिथीला. ‘पान अकरा, “थांब जरा” मधला “जरा” काढला, भरमूचा श्वास पुरत नाही म्हणून, माघ वद्य पंचमी.’ खोडायचा तोही एका सरळ रेघेनं, खालचं वाचता येईल असं.

मी एकदा म्हटलं, ‘भावजी, काढायचंच तर नीट गिरगटून काढा की.’

‘उद्या परत पायजे झालं तर, वैनी?’

आणि ही वही राहायची कुठं, तर माझ्या ट्रंकेत, माझ्या लग्नातल्या शालूखाली. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलते, तेव्हा एकेक अक्षर जुळवत वाचायची. नागोजीचं म्हणणं, अख्ख्या गावात हिच्यासारखी भरवशाची जागा नाही. ‘वैनीला वाचायलाच येळ लागतोय, बदलायचं तर लांबच.’ हे तो कौतुक म्हणून सांगायचा. चारचौघांत.

सन एकोणऐंशीच्या सुमाराला त्यानं स्वतःचं नाटक लिहिलं. नाटकाचं नाव चार वेळा बदललं, म्हणून मी एकही लिहीत नाही. गोष्ट साधी. पलटणीतला शिपाई रजेवर घरी येतो. लढाई लागते, माघारी बोलावणं येतं. आई भाकरी बांधून देते. तो उंबऱ्यावर उभा राहतो आणि म्हणतो, ‘आई, जातो.’ आणि तो परत येत नाही.

आता आपल्यात घरातून निघताना ‘जातो’ कोण म्हणतं? मिरच्या आणायला बाजाराला निघालेला माणूससुद्धा ‘येतो’ म्हणतो. चुकून पोराच्या तोंडून ‘जातो’ निघालं तर आई त्याच्या तोंडावर हात ठेवते. नागोजीला नेमकं तेच पाहिजे होतं. त्या शिपायाला ठाऊक आहे की आपण काही परतत नाही. आईला सरळ सांगायची छाती नाही. म्हणून तो एवढा एकच शब्द बदलतो.

‘अख्खं नाटक त्या एका शब्दासाठी लिवलंय, वैनी,’ तो मला चुलीपुढं बसून म्हणाला. ‘तेवढा, लिवलाय तसा, एकदा लोकांच्या कानावर पडला की माझं काम झालं.’

शिपायाचं काम भरमूकडं. भरमू उंचापुरा, आवाज असा की मागच्या वडाखाली बसलेल्याला ऐकू जावा. पण त्याला वहीतली वाक्यं म्हणजे नुसती सूचना वाटायची. म्हणायचा हक्क त्याला होता, लिहायचा नव्हता. तर हा म्हणता म्हणताच लिहायचा. समोर लोक हसले की एकाची चार वाक्यं करायचा. नागोजी विंगेत पानं उलटून उलटून घामाघूम.

पहिल्याच तालमीत भरमूनं सांगून टाकलं. ‘मी काय “जातो” म्हणणार न्हाय.’

‘वहीत जातो हाय.’

‘वही काय स्टेजवर येतीया व्हय? मी येतोय. माझी आय म्होरं बसलेली असती रं नागोजी! तिच्या तोंडावर जातो म्हणू? तुझा शिपाई मरंना का तिकडं, मी “येतो” म्हणणार.’

‘मग नाटक कशाला करायचं?’

‘लोकं हसाय येत्यात म्हणून.’

नागोजी घरी आला तो पाणीसुद्धा न पिता बसला. आणि मग त्याला ती कल्पना सुचली. तिनं पुढं आम्हा सगळ्यांचा छळ केला.

त्या वेळी नाटक करायचं तर बेळगावातल्या एका कचेरीतून वहीवर शिक्का मारून आणावा लागायचा. कुठली कचेरी ते लिहीत नाही, लिहून काय फायदा. शिक्क्याच्या कागदावर अटी असायच्या. शिक्क्याची वही नाटकाच्या जागी हजर पाहिजे, आणि तिच्यातला शब्द इकडचा तिकडं झाला तर नाटक जागच्या जागी बंद. बाकीची मंडळी ह्या शिक्क्याला शिव्या घालायची. नागोजी मात्र लग्नाला निघाल्यासारखा कचेरीला निघाला.

‘एकदा “जातो”वर शिक्का बसूं दे,’ म्हणाला, ‘मग बघतो भरम्याला.’

कचेरीला वह्या पाहिजेत तीन, तिन्ही एकसारख्या. झेरॉक्स तेव्हा नव्हतं, आणि कार्बन नागोजीला चालेना, खालचं पान पुसट येतं म्हणून. बासष्ट पानं त्यानं तीनदा लिहिली. शेतातलं तण काढायची भांगलण माझ्या आणि घरच्यांच्या गळ्यात.

साहेबांनी पहिल्या वहीच्या पानापानावर शिक्का मारला, सही केली. दुसऱ्या वहीला हात घालायच्या आधी त्यांची बदली झाली. आमचं नशीब! नवे साहेब आले, धारवाडकडचे. त्यांनी हुकूम केला की उरलेल्या दोन वह्या शिक्क्याच्या वहीशी ताडून बघा, फरक नसेल तर मी सही करतो.

ताडायचं काम मायाप्पाकडं. मायाप्पा निपाणीकडचा तरुण कारकून. घरात मराठी, कचेरीत कन्नड, आणि चिडला की दोन्ही. त्याचा बाप तंबाखूच्या वखारीत पोती वाहायचा, हा घरातला पहिला टेबलामागं बसलेला. हे मला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की हा माणूस आपल्या सावलीलासुद्धा पोचपावती मागेल.

त्यानं आठ दिवस वह्या ताडल्या आणि शेरा मारला, ‘फरक आहे.’

नागोजी उडालाच. ‘कुठं फरक हाय?’

मायाप्पानं दोन पानं शेजारी ठेवली. ‘ह्या वहीत शिक्का हाय. त्या वहीत न्हाय.’

‘अवो पण तो तुमीच मारायचाय की!’

‘फरक नसंल तर मारायचा. फरक हाय.’

‘मजकूर तर त्योच हाय?’

‘मजकुराला मी कुठं काय म्हणतोय? मला वही ताडायला सांगितलीया. ही वही येगळी, ती येगळी. हुबेहूब पायजे.’

नागोजी तीन वेळा गेला, तीन वेळा तेच. ‘हुबेहूब पायजे.’ तिसऱ्या खेपेला तो तिन्ही वह्या परत घेऊन आला, आणि चौथ्यांदा लगेच गेलाच नाही. लाल शाईची बाटली घेऊन परसात चटई टाकून बसला. दोन दिवस मी बघत होते. मला वाटलं चुका सुधारतोय. तिसऱ्या दिवशी चहा द्यायला गेले तर हा बाबा वाटी उपडी ठेवून पानावर गोल काढतोय. गोलाच्या आत कन्नड अक्षरं, मधलं चित्र, खाली साहेबांची सही, शेपटीसकट. मूळ वहीत शिक्का जिथं अर्धाच उमटला होता तिथं ह्यानंही अर्धाच काढला होता. कोपऱ्यात साहेबांच्या अंगठ्याचा डाग पडला होता, तोसुद्धा.

‘भावजी, ह्ये काय चाललंय?’

‘हुबेहूब मागितलंय न्हवं? ह्ये घे म्हणावं हुबेहूब.’

‘सरकारचा शिक्का हातानं काढतासा?’

‘मी कुठं त्यो खरा म्हणून सांगतोय? मी निस्ती नक्कल केलीया. वहीत जे जे हाय ते ते.’

देवाशप्पथ सांगते, ह्या माणसाच्या अंगात लबाडीचा कण नव्हता. नक्कल करायला सांगितली, त्यानं केली. भित्रा किंवा लबाड माणूस असं कधी करणार नाही. असलं काम फक्त अति प्रामाणिक माणूस करू शकतो.

कचेरीत मायाप्पानं वही उघडली आणि म्हणे तो खुर्चीतून अर्धा उठला. मराठी आणि कन्नड दोन्ही सुरू झालं. सरकारी शिक्का खोटा केला, साहेबांची सही खोटी केली, एकशे चोवीस गुन्हे! दोन वह्यांतली बासष्ट बासष्ट पानं त्यानं मोजून एकत्र केली होती. तिन्ही वह्या एका फायलीत बांधून कपाटात गेल्या. शिक्क्याची खरी वहीसुद्धा. पुरावा म्हणून. नागोजीला सांगितलं, घरी जा, साहेब दौऱ्यावरनं आले की ठरवतील तुझं काय करायचं.

नाटक गावच्या जत्रेत लागायचं होतं, आणि जत्रेला आठ दिवस राहिले होते.

सासूबाईंनी, मालुबाई त्यांचं नाव, जी गाठोड्यासारखी बसकण मारली ती उठेनात. ‘माझं सोन्यासारखं पोर जेलात चाललं गं!’ बाया गोळा झाल्या. त्यात भरमू आला. तो तर काय अशा वेळची वाटच बघत असतो.

‘काकू, रडतीस कशाला? जेल आपल्याच गावात हाय. डबा गरम पोचंल.’

‘मुडद्या!’

‘आनि नागोजीला आत नाटक करू देत्यात म्हणं. तिथली माणसं लिवलंय तसंच म्हणत्यात, मागं पोलीस हुबा असतोय.’

मग त्यानं खरी गोष्ट काढली. यंदा जुनंच विनोदी नाटक लावायचं असं मंडळींचं चाललं होतं. त्याला मागचा शिक्का आहे. आणि ह्यापुढं वही भरमूच्या घरात राहील. नागोजी भिंतीकडं तोंड करून बसला होता. तुरुंगाला तो भ्याला नव्हता. ‘माझा शब्द गेला, वैनी,’ एवढंच म्हणाला. मी दिलेली भाकरी तशीच राहिली.

मला रागच आला. कुणाचा ते नीट सांगता येत नाही. मायाप्पाचा, भरमूचा, आणि सगळ्यात जास्त ह्या शहाण्याचा. मी नवं लुगडं नेसले. ‘उठा,’ म्हटलं, ‘कचेरीला जायचंय.’

‘तुमी काय करणार तिथं? तुमाला तर—’

‘वाचता येत न्हाय. ठावं हाय. उठा.’

साहेब दौऱ्यावरून आले होते. वयस्क माणूस, डोळ्यांवर जाड चष्मा. मराठी कळायचं, बोलायचे मोजकं. टेबलावर तिन्ही वह्या उघड्या. शेजारी मायाप्पा, हात मागं बांधून. नागोजी उभा राहिला तो मान खाली घालून, जणू खरंच काही चोरलंय.

‘अम्मा, तुम्ही कोण?’ साहेब.

‘ह्याची वैनी. साहेब, एक इचारू का? रागवायचं न्हाय.’

‘सांगा.’

‘आमच्या गोठ्यात दोन बैल हाईत. बेंदराला एकाची शिंगं रंगवली आनि तेवढ्यात रंग सपला. दुसऱ्याची तशीच ऱ्हायली. तर त्यो बैल बदलला काय?’

साहेबांनी मायाप्पाकडं बघितलं. मायाप्पा म्हणाला, ‘सर, बैलाचा इथं संबंध न्हाय.’

‘बाबा, हाय की. तू शिंगाचा रंग बघतोयस आनि बैल बदलला म्हणतोयस. ह्यो आमचा शाणा, ह्येनं तुझं ऐकून दुसऱ्या बैलाला घरच्या घरी रंग फासला. चूक दोघांची हाय. बैलाची न्हाय.’

साहेब हसले की खोकले कळलं नाही. मी टेबलावरची लाकडी पट्टी उचलली. शिक्के सगळे पानाच्या उजव्या कडेला होते. एका वहीच्या कडेवर मी पट्टी ठेवली, दुसऱ्या वहीच्या कडेवर माझा हात.

‘आता बघा. पट्टीच्या हिकडचं तेवढं वाचायचं. पट्टीखाली रंग हाय का शिक्का हाय, त्याच्याकडं ढुंकून बघायचं न्हाय. हिकडचं येगळं निघालं तर ह्येला खुशाल न्या. आमच्या घरापास्नं जेल लांब न्हाय.’

साहेब कन्नडमध्ये मायाप्पाला काहीतरी बोलले. मायाप्पानं ‘सरी सर’ म्हटलं, आणखी एक पट्टी आणली आणि बसला.

सकाळचे अकरा वाजले होते. पाच वाजेपर्यंत तो माणूस बोट ठेवून ठेवून वाचत होता. आम्ही बाकावर. अठ्ठावन्नाव्या पानाशी तो थांबला. ह्या वहीत बघितलं, त्या वहीत बघितलं, परत ह्या वहीत. मग तो वाकून नागोजीला म्हणाला, ‘हितं “येतो” पायजे न्हवं? आई म्होरं हुबी हाय आनि पोरगा जातो म्हणतोय. चुकलंय काय तुमचं?’

‘न्हाय,’ नागोजी पहिल्यांदाच वर बघून बोलला. ‘जातोच हाय. तिन्हीत.’

मायाप्पानं परत तिन्ही वह्या बघितल्या. मग पुढची चार पानं त्यानं बोट न ठेवता वाचली. वही मिटली. शेरा लिहिला, ‘मजकुरात फरक नाही.’ आणि मान वर न करता म्हणाला, ‘तीन वह्या, एक अनुस्वार इकडचा तिकडं न्हाय. कसं लिवलासा?’

मला वाटलं सुटलो. कुठलं! कचेरी ती कचेरी. दोन वह्यांवर हातानं काढलेले शिक्के होते, तिथं खरा शिक्का मारता येत नव्हता. एकशे चोवीस शिक्क्यांवर नागोजीनं एकेक रेघ ओढायची आणि शेजारी सही करायची, ती शिक्षा. ते त्यानं तिथंच बसून केलं. चालू राहिली ती पहिली वही. पण ती फायलीत अडकलेली, आणि फाईल बंद होईपर्यंत वही कचेरीच्या ताब्यातून सोडता येत नाही. आणि अट अशी की वही नाटकाच्या जागी पाहिजे.

‘म्हंजे परवानगी हाय, पर वही न्हाय?’ मी विचारलं.

‘वही हाय,’ मायाप्पा म्हणाला, ‘बाहेर न्यायची परवानगी न्हाय.’

मी कपाळाला हात लावला. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि तोडगा सांगितला. वहीला जाता येत नसेल तर वहीचा ताबा ज्याच्याकडं आहे त्यानं वही घेऊन जावं. मायाप्पानं जायचं. आणि कचेरीचा माणूस हजर राहणार म्हणून वेळ संध्याकाळी सहा ते नऊ.

जत्रेच्या दिवशी उन्हं असताना लोक नाटकाला बसले. ‘ह्ये काय नाटक हाय का शाळंचं संमेलन?’ म्हणून ओरडही झाली. पुढच्या रांगेत बाया. सासूबाई, मी, माझ्या शेजारी भरमूची आई अक्काताई, मांडीवर शेंगांची पिशवी. विंग माझ्या जागेवरून सरळ दिसत होती. मायाप्पा इस्त्रीच्या शर्टात खुर्चीवर बसला होता, मांडीवर वही. नागोजी त्याच्या मागं उभा, खांद्यावरून डोकावत. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातात वही नव्हती. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

भरमूनं पहिल्याच प्रवेशात आपला माल काढला. हवालदाराच्या बायकोबद्दल काहीतरी बोलला. लोक हसणार तेवढ्यात विंगेतून आवाज आला.

‘वहीत न्हाय!’

भरमू दचकला. पुढं गेला. परत एक वाक्य वाढवलं.

‘वहीत न्हाय! नाटक बंद करू?’

लोक खदाखदा हसले, पण भरमूला नव्हे, मायाप्पाला. भरमूचं तोंड बघण्यासारखं झालं. आयुष्यात त्याचं हशाचं वाक्य कुणी पळवलं नव्हतं. तिसऱ्यांदा त्यानं तोंड उघडलं तर मागून पोरंच ओरडली, ‘वहीत न्हाय!’ तेव्हापासून गडी सरळ चालला. मायाप्पाचं बोट पानावर, भरमूचा डोळा मायाप्पाच्या बोटावर.

आणि मग उंबऱ्याचा प्रवेश आला. भाकरी बांधून झाली. भरमू खांद्याला पिशवी लावून उभा राहिला. ‘आई,’ म्हणाला आणि थांबला.

अक्काताईनं शेंगा बाजूला ठेवल्या. तिला आधीच कुणीतरी सांगितलं होतं. ती अर्धी उठली. ‘भरमा,’ म्हणाली, नाटकातल्या आवाजात नव्हे, घरातल्या. ‘येतो म्हण रं बाळा.’

कुणी हसलं नाही. भरमू आईकडं बघत राहिला. मी विंगेकडं बघितलं. नागोजी पुढं आला होता. त्याचं तोंड अक्काताईकडं होतं. आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, हा शहाणा, ज्यानं त्या एका शब्दासाठी एवढा घोळ घातला, तो हळूच भरमूला म्हणाला, ‘येतो म्हण. ऱ्हाऊ दे. येतो म्हण.’

‘न्हाय,’ मायाप्पा म्हणाला.

‘मी लिवलंय ते. मी सांगतोय.’

‘तुमाला बदलता येत न्हाय. शिक्का जातोवर हाय.’

मायाप्पा वही मांडीवर घट्ट धरून बसला होता. पण आवाज कचेरीतला नव्हता. नागोजीचं मनगट त्यानं धरलं होतं.

भरमूनं दोन्ही ऐकलं. एकदा आईकडं बघितलं, एकदा वहीकडं. त्या एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

‘आई, जातो.’

टाळ्या नाहीत, काही नाही. नाटकातली आई म्हणजे सुताराचा पोरगा, तोसुद्धा पुढचं वाक्य विसरला आणि विंगेतून ते कुणी सांगितलंही नाही. माझ्या शेजारी अक्काताईनं पदर तोंडात धरला होता. मी नाटकाची सगळी गोष्ट आधी ऐकलेली. तरी मी अक्काताईच्या पाठीवर हात ठेवला.

उंबऱ्यातल्या आईची उरलेली चार पानं कशीबशी म्हणून झाली. पडदा पडला तरी बाया उठेनात. अक्काताई उभी राहून ओरडली, ‘माझ्या पोराला बाहेर आणा! त्येच्या तोंडनं येतो ऐकल्याबिगर मी हितनं हलत न्हाय!’ सासूबाईही तिच्या बाजूनं. मंडळी मायाप्पाकडं बघायला लागली. त्यानं घड्याळ बघितलं. नवाला पाच कमी होते.

‘वही सपली,’ तो वही पिशवीत घालत म्हणाला. ‘म्होरं काय म्हणायचं त्येला परवानगी लागत न्हाय.’

भरमू तोंडाला रंग तसाच ठेवून खाली उतरला. ‘आये, येतो. येतो गं. हजारदा येतो.’ तिनं त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि तिथंच त्याच्यावरून मूठभर शेंगाच ओवाळून टाकल्या. दुसरं हाताशी काही नव्हतं.

मायाप्पा शेवटच्या बसनं वही घेऊन गेला. त्या वह्या कचेरीतून कधी परत आल्या नाहीत. फाईल चालू आहे, एवढंच उत्तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागोजी ओट्यावर दात घासत होता. मी त्याला बोलायला लागले होते. ‘एवढा खटाटोप केलासा, आनि ऐन वक्ताला तुमीच येतो म्हण म्हणालासा? मग मला कचेरीत बैलं कशाला सांगाय लावलासा?’

‘आक्काचं तोंड बघवंना, वैनी,’ म्हणाला.

तेवढ्यात अक्काताईच आली. पायऱ्या न चढता खालूनच सुरू झाली. ‘नागोजी, मेल्या, रातभर डोळ्याला डोळा न्हाय माझ्या! पुन्हा असलं काय लिवलंस तर हात मोडीन. माझ्या पोराच्या तोंडात असलं घालतोस?’

‘चुकलं, आक्का.’

‘चुकलं म्हणं!’ ती दम खायला पायरीवर टेकली. मी पाणी दिलं. तिनं ते पिऊन तांब्या खाली ठेवला. उठेल म्हणून मी वाट बघितली, ती उठेना.

‘त्या बाईचं म्होरं काय झालं रं?’

‘कुठल्या बाईचं?’

‘त्येच्या आईचं. त्यो गेल्यावर.’

नागोजी तोंडात राखुंडी तशीच धरून उभा राहिला. ‘तेवढंच लिवलंय, आक्का. तिथंच सपतंय.’

‘असं कसं सपंल?’ अक्काताई चिडली. ‘ती उंबऱ्यातच हुबी हाय की अजून! लिव की म्होरं.’